पट्टा शेवटपर्यंत ओढा

सांगली-मिरज रस्त्याला, वजनकाट्याच्या अलीकडे
पताका लावलेला जुन्या गाड्यांचा बाजार.
आवटी म्हणाला, "या यासीनभाई,
तुमच्यासाठीच मागं काढून ठेवलीय.
डॉक्टरीणबाईंची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.
एकच हात."

मी बॉनेटवर तळवा ठेवला.
सकाळचे साडेनऊ, गाडी सावलीत,
आणि पत्रा नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा.
म्हणजे मी यायच्या आधीच
हिला कुणीतरी रियाज करायला बसवलं होतं.

चाळीस वर्षं मी तंबोरे करतो, सतारमेकर गल्लीत.
वाद्य गार असताना ऐकावं
हे अब्बांनी कानफटात देऊन शिकवलं.
गरम झालेलं काहीही गोड बोलतं.

"गार होऊ दे," म्हटलं, "बसतो तोवर."
चहा आला. बिस्किटंसुद्धा आली.
मीटर सांगत होता एकतीस हजार,
ब्रेकच्या पायट्याचं रबर मात्र
दर्ग्याच्या पायरीसारखं गुळगुळीत.
"बाईंचा पाय जरा जड," आवटी हसला.
तेवढ्यात त्याचा फोन आला, जो वाजलाच नव्हता.
इस्लामपूरचं गिऱ्हाईक निघालंय म्हणे, रोख घेऊन.
"पाच हजार टाका भाई, तुमचं नाव लिहून ठेवतो."
मी म्हटलं, "त्याला सांग, सावकाश ये.
घाटात नाही, पण खड्ड्यात पडशील."

चक्कर मारायला निघालो तर यानं गाणी लावली.
"सिस्टम बघा की, सिस्टम!"
"बंद कर."
"अहो, आवाज तर ऐका."
"तोच ऐकायचाय. बंद कर."
तिसऱ्या गियरला खालून एक घरघर,
जवारी बिघडल्यावर तार जशी
स्वतःलाच खाजवत बसते, तशी.
आणि गुलाबाच्या अत्तराखाली
गोडसर, कुजका, ओळखीचा वास.
भोपळ्यात पाणी शिरलं की येतो.

फडकं मारणारा पोरगा होता, सोळा-सतराचा.
मालकाकडे पाठ करून त्यानं
खांद्यापासून कमरेपर्यंत एक बोट तिरकं ओढलं.
मला वाटलं जानवं. याचा काय संबंध?
मग कळलं.
पट्टा धरला आणि ओढला,
लोक ओढतात तेवढा, मग त्याच्याही पुढे,
खट् होऊन संपेपर्यंत.
काळा, काळा, काळा, मग एक रेघ.
रेघेपलीकडे वीतभर
कृष्णामाईचा गाळ, वाळून पापुद्रा झालेला.
गालिचे बदलले, सीटा शिवल्या, दिवे चकाकवले.
एवढी वीत राहून गेली,
कारण एवढा पट्टा कुणी ओढतच नाही.

आवटी गप्प झाला नाही. चाळीस हजारांनी उतरला.
"यासीनभाई, त्या साली पुरात
कोण नव्हतं, सांगा बरं?"

मी तर होतोच.
गुदामात सात तंबोरे बुडाले.
सहा फोडून चुलीत घातले.
सातवा चांगल्या भोपळ्याचा, हात धजला नाही.
दोन महिने सावलीत वाळवला,
आतून लाख भरली, वरून पॉलिशचे तीन हात.
गदगहून एक पोरगी आली वडिलांबरोबर,
मांडीवर घेऊन छेडला, म्हणाली,
"काका, छान आहे ना हा?"
एक नंबर, मी म्हणालो.
आवटी म्हणतो ना, अगदी तसंच.

गाडी घेतली नाही.
पोराला काही देताही आलं नाही, मालक बघत होता.
वडापनं घरी आलो, मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन.
तेव्हापासून जुनी पावतीबुकं काढून बसलोय.
गदगचा नंबर सापडला,
नऊ आकडे नीट, दहावा ओलीनं पसरलेला,
एक असेल नाहीतर सात.

आधी एक लावून बघतो.